कला शाखेतील प्राध्यापकांच्या कामगिरीची नोंद: काय घ्यावे, कसे लिहावे, कशाने तोलावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या कला शाखेतील प्राध्यापकांच्या गेल्या वर्षभरातील सर्जनशील आणि व्यावसायिक कामगिरीचे संकलन करण्याची जबाबदारी यंदा आपल्याकडे आली आहे. सहकाऱ्यांकडून आलेल्या नोंदींत एक एकल चित्रप्रदर्शन आहे, समूहाने मिळून उभे केलेले एक नाटक आहे, एका काव्यसंग्रहाचा अनुवाद आहे, एका नव्या संगीतरचनेची चार सादरीकरणे आहेत, पाच स्पर्धांचे परीक्षकपद आहे आणि ऐनवेळी रद्द झालेले एक प्रदर्शनही आहे. यांतले काय घ्यावे, काय वगळावे आणि इतक्या निरनिराळ्या कामांना एकच माप लावता येते का, असे आपण विचारले आहे.

मी चित्रकला शिकवत असताना अकरा वर्षे असे संकलन केले आणि पुढे पदोन्नतीच्या समित्यांवर बसून इतरांनी केलेली संकलने पुराव्यादाखल वाचली. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले की, नोंद वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: हे काम कोणी निवडले, त्यात या व्यक्तीचा वाटा नेमका कोणता, आणि ते आज कुठे पाहता, ऐकता किंवा वाचता येईल. या तीन गोष्टी ज्या नोंदीत आहेत ती साधी दिसली तरी टिकते; ज्या नोंदीत त्या नाहीत तिच्यावर विशेषणांची कितीही आरास केली तरी समितीपुढे ती पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

अडचणीचे मूळ असे आहे की, शोधनिबंधाबरोबर त्याची ओळखपत्रे आपोआप येतात. नियतकालिक, खंड, पृष्ठे, प्रकाशनापूर्वीचे तज्ज्ञपरीक्षण हे सारे त्या एका ओळीत असते. प्रदर्शन लागले, प्रयोग झाला, रचना वाजली, एवढ्यावरून मात्र त्यामागे कोणाची पारख होती हे काहीच उलगडत नाही. ही तफावत जुनी आहे आणि तिच्यावर बराच विचारही झाला आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधात क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे संशोधन, कलेच्या माध्यमातून होणारे संशोधन आणि कलाकृतीसाठी होणारे संशोधन असे तीन प्रकार वेगळे केले. यांतला तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तिथे विचार कलाकृतीतच मुरलेला असतो. तो शब्दांत वेगळा मांडलेला नसतो. आपल्या संकलनातल्या निम्म्याहून अधिक नोंदी याच प्रकारच्या असणार.

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधनाचे नियतकालिक मूल्यमापन, म्हणजे रेफ, या अडचणीला कसे सामोरे गेले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी संशोधनाची व्याख्याच इतकी नेटकी केली की तिच्यात चित्रही बसावे आणि निबंधही: नवी जाण देणारी आणि ती परिणामकारकपणे इतरांपर्यंत पोहोचवलेली शोधप्रक्रिया. २०२१ च्या फेरीत सर्जनशील कामाबरोबर, जिथे त्या कामातली शोधप्रक्रिया पाहणाऱ्याला आपोआप कळण्याजोगी नसेल तिथे, ३०० शब्दांपर्यंतचे निवेदन जोडण्याची मुभा होती. ऑस्ट्रेलियातील तशाच मूल्यमापनात अशा कामांना ‘अपारंपरिक संशोधन-फलित’ म्हटले गेले आणि मूळ सर्जनशील कृती, प्रत्यक्ष सादरीकरण, ध्वनिमुद्रित वा चित्रित कृती, प्रदर्शनांचे व कार्यक्रमांचे नियोजन असे गट पाडून प्रत्येक कृतीसोबत पार्श्वभूमी, योगदान आणि महत्त्व अशा तीन भागांचे निवेदन मागितले गेले. दोन्हीकडचा धडा एकच निघतो: काम स्वतः बोलते हे खरे असले, तरी ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून उभे राहिले हे कोणीतरी सांगावे लागते.

याला दुसरी बाजूही आहे. संशोधन आणि विकासाची आकडेवारी गोळा करण्यासाठी ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची जी फ्रास्काती पुस्तिका आहे, तिच्या २०१५ च्या आवृत्तीत संशोधन ठरण्यासाठी पाच कसोट्या दिल्या आहेत: नावीन्य, सर्जनशीलता, निष्पत्तीची अनिश्चितता, पद्धतशीरपणा, आणि ते ज्ञान इतरांकडे सोपवता किंवा पुन्हा घडवता येणे. त्याच पुस्तिकेत निव्वळ कलात्मक सादरीकरण साधारणतः संशोधनाबाहेर ठेवलेले आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपल्या संकलनात ‘संशोधन’ हा शब्द सरसकट वापरू नये. उत्तम मैफल ही उत्तम मैफल म्हणूनच मोठी असते. तिला संशोधनाची झूल पांघरली की ज्याला मैफल कळते तो हसतो आणि ज्याला संशोधन कळते तो संशयाने पाहतो. सर्जनशील कामगिरी, व्यावसायिक कामगिरी आणि संशोधन असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. एखादे काम दोन रकान्यांत जाण्याच्या योग्यतेचे असेल, तर ते कुठे ठेवायचे हे त्या प्राध्यापकाने एका वाक्याच्या कारणासह ठरवावे.

आता निवडीबद्दल. आपल्याकडे आलेल्या एकल प्रदर्शनाच्या नोंदीत कलादालनाचे नाव आहे, तारखा आहेत, उद्घाटकांचे नाव तर ठळक अक्षरांत आहे. परंतु हे प्रदर्शन निमंत्रणावरून झाले, अर्ज करून निवड झाली, की दालन भाड्याने घेतले, हे कुठेही लिहिलेले नाही. भाड्याच्या दालनात प्रदर्शन लावणे यात कमीपणा मुळीच नाही. कित्येक चांगले चित्रकार आपली महत्त्वाची मालिका अशाच रीतीने प्रथम लोकांपुढे आणतात, कारण क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शन आखून त्यासाठी कामे निवडणाऱ्याला, अजून त्यांचा पत्ता लागलेला नसतो. पण ते लपवले, तर शेजारची निमंत्रणावरून झालेली नोंदही संशयास्पद होते. माझ्या हातून संकलनाच्या तिसऱ्या वर्षी अशीच एक चूक झाली होती. एका सहकाऱ्याची ‘आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील निवड’ मी मोठ्या अभिमानाने पहिल्या पानावर घेतली. पुढे कळले की, त्या प्रदर्शनात शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची ‘निवड’ होत होती आणि प्रमाणपत्राचे शुल्क वेगळे होते. सहकाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते, एवढेच. त्यानंतर अर्जाच्या नमुन्यात मी दोन प्रश्न घातले: निवड कोणी केली, आणि सहभागासाठी आपल्याला काही रक्कम भरावी लागली का. दुसऱ्या प्रश्नाने पुढच्या वर्षी नोंदींची संख्या बरीच घटली आणि संकलन वाचनीय झाले.

‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दांबद्दलही तेच. परदेशातून दोन चित्रे टपालाने आली की प्रदर्शन आंतरराष्ट्रीय ठरते, असा समज फार पसरलेला आहे. हे शब्द आपण संपादक म्हणून काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी ठिकाण, आयोजक संस्था व निवडीची पद्धत लिहावी. दर्जा काय तो वाचक ठरवील.

वाट्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि मला सर्वांत अधिक तोच सांगायचा आहे. शोधनिबंधाच्या जगात लेखकांच्या नावांचा क्रम असतो. विज्ञानशाखांत तर संकल्पना, पद्धत, विश्लेषण, लेखन अशा चौदा भूमिकांचा एक प्रमाणित तक्ता रूढ झाला आहे. कलेत असा तक्ता नाही, आणि तो तसाच्या तसा उचलता येणारही नाही, कारण इथे भूमिका कामागणिक बदलतात. व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलामहोत्सवाच्या २०२२ च्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंह हा पुरस्कार ब्रिटनच्या दालनाला मिळाला. तिथले काम सोनिया बॉईस यांचे होते, आणि त्या लंडनच्या कला विद्यापीठात प्राध्यापक आहेत. विद्यापीठाच्या दृष्टीने ही एका ओळीची नोंद होऊ शकली असती. परंतु त्या कामाचा गाभाच सहयोग हा होता: पाच कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रियांना एकत्र आणून, त्यांना आधी ठरवलेली संहिता न देता, त्यांच्या उत्स्फूर्त गायनाचे चित्रण आणि त्याभोवती लावलेले नक्षीदार वॉलपेपर व सोनेरी भौमितिक रचना. गळा दुसऱ्यांचा, चित्रीकरणाला इतरांचे हात, आणि तरीही ते काम निःसंशय बॉईस यांचे आहे, कारण परिस्थिती निर्माण करणे हीच त्यांची कला आहे. तेव्हा नोंद करताना ‘बॉईस यांनी गाणी सादर केली’ असे लिहिणे जितके चूक, तितकेच त्या पाचजणींचा उल्लेख न करणेही चूक. वाटा सांगायचा म्हणजे टक्केवारी काढायची असे नव्हे. कोणता निर्णय कोणाचा होता ते सांगायचे.

आपल्याकडे आलेल्या समूहनाट्याला हाच नियम लावून पाहावा. नोंद तीन जणांनी स्वतंत्रपणे पाठवली आहे: दिग्दर्शकाने, नेपथ्यकाराने आणि संहितेला अंतिम रूप देणाऱ्या भाषाविभागातील सहकाऱ्याने. तिघांच्याही नोंदीत नाटकाचे नाव पहिले आणि स्वतःची भूमिका शेवटी, तीही मोघम, असा क्रम आहे. परिणाम असा की, संकलनात एक नाटक तीन ठिकाणी येऊन तीन नाटकांसारखे दिसते. माझ्या समितीपुढे एकदा एकच लघुपट चार फायलींत आला होता आणि चौघांपैकी तिघांनी ‘निर्मिती’ हा एकच शब्द वापरला होता. चौकशीत कळले की, एकाने पैसा उभा केला, दुसऱ्याने संकलन केले आणि तिसऱ्याने उपशीर्षके लिहिली. तिन्ही कामे मोलाची होती, पण त्या एका शब्दाने तिघांचेही नुकसान झाले. यावर उपाय सोपा आहे. काम एकदाच, स्वतःच्या नोंदीने यावे. त्याखाली शाखेतील प्रत्येकाचा वाटा क्रियापदाने सांगावा: दिग्दर्शन केले, नेपथ्य रचले, तालमींतील उत्स्फूर्त संवादांतून संहिता संपादित केली. विद्यार्थ्यांचा सहभाग असेल, तर तोही तिथेच आणि तितक्याच स्पष्टपणे लिहावा. विद्यार्थ्यांच्या श्रमावर उभे राहिलेले आणि प्राध्यापकाच्या एकट्याच्या नावावर गेलेले काम मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे, आणि नोंद ठेवणारा संपादक हा ते थांबवू शकणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक असतो.

अनुवादाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अनुवाद म्हणजे दुय्यम काम, मूळ लेखनाच्या खालची पायरी, ही समजूत विद्यापीठांत अजून पक्की आहे. एमिली विल्सन या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अभिजात वाङ्मयाच्या प्राध्यापक. होमरच्या ‘ओडिसी’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला आणि ‘इलियड’चा २०२३ मध्ये. ‘ओडिसी’त त्यांनी मूळ काव्याइतक्याच ओळी राखल्या आणि सबंध काव्य नियमित वृत्तात बसवले. हे केवळ भाषांतर म्हणून बाजूला सारता येत नाही. प्रत्येक शब्दामागे ग्रीक पाठाचा आणि आधीच्या इंग्रजी अनुवादांचा अभ्यास उभा आहे. २०१९ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्तीही मिळाली. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाने २०१६ पासून रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटण्यास सुरुवात केली, हेही याच बदलत्या दृष्टीचे लक्षण म्हणता येईल. आपल्या सहकाऱ्याच्या काव्यानुवादाची नोंद करताना मूळ भाषा, मूळ कवी, थेट मूळ भाषेतून की मध्यस्थ भाषेतून, प्रस्तावना वा टिपा अनुवादकाच्या आहेत का, आणि प्रकाशकाने हस्तलिखित कोणाकडून तपासून घेतले, एवढे लिहावे. ‘मध्यस्थ भाषेतून’ हे सांगायला बहुतेकजण बिचकतात. बिचकू नये; वाचकाला ते कळतेच, आणि प्रांजळपणे सांगितले तर अनुवादाचे मोल कमी होत नाही.

‘गेल्या वर्षभरातील’ कामगिरी म्हणजे नेमकी केव्हाची, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणार आहे. पर्सिव्हल एव्हरेट हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची ‘जेम्स’ ही कादंबरी २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि २०२५ च्या मे महिन्यात पुलित्झर. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये संपत असेल, तर प्रकाशन एका वर्षात आणि दोन्ही सन्मान दुसऱ्या वर्षात जातात. अशा वेळी कादंबरी दोनदा घ्यायची का? माझी पद्धत अशी की, काम ज्या वर्षी लोकांपुढे आले त्या वर्षी ‘कृती’ म्हणून घ्यावे, आणि सन्मान ज्या वर्षी मिळाला त्या वर्षी ‘दखल’ या रकान्यात घेऊन मूळ नोंदीचा संदर्भ द्यावा. कृती एकच राहते, तिचे प्रतिध्वनी कितीही असोत.

संगीतरचनेलाही हेच लागू होते. आपल्या सहकाऱ्याच्या रचनेची चार सादरीकरणे झाली आणि चार नोंदी आल्या. पुलित्झरच्या संगीतविभागात ज्या रचनेचे अमेरिकेतील पहिले सादरीकरण किंवा ध्वनिमुद्रण त्या वर्षात झाले तीच विचारात घेतली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे टायशॉन सोरी यांना २०२४ चे पारितोषिक याच नियमाखाली मिळाले. पहिले सादरीकरण ही रचनाकाराची घटना असते, त्यानंतरची सादरीकरणे ही बहुधा वादकांची. तेव्हा पहिल्या सादरीकरणाची नोंद पूर्ण द्यावी आणि उरलेली तीन तिच्याच पोटात एका ओळीत. अपवाद एकच: पुढच्या सादरीकरणासाठी रचनेत खरोखर फेरबदल झाले असतील, वाद्यमेळ बदलला असेल, तर ती नवी कृती समजून घ्यावी आणि काय बदलले ते लिहावे.

एका वर्षाची चौकट कलेला किती अपुरी पडते, याचे उदाहरण म्हणून लुबैना हिमिद यांच्याकडे पाहावे. त्यांनी १९८३ आणि १९८५ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री-कलावंतांची प्रदर्शने लंडनमध्ये आयोजित केली. सेंट्रल लँकशायर विद्यापीठात त्या समकालीन कलेच्या प्राध्यापक होत्या तेव्हा, २०१७ साली, त्यांना ब्रिटनमधील समकालीन कलेचे टर्नर पारितोषिक मिळाले, वय ६३. त्या वर्षापर्यंत त्या पारितोषिकाला पन्नाशीची वयोमर्यादा होती आणि ती उठवली गेली म्हणूनच त्यांचा विचार होऊ शकला. अब्दुलरझाक गुर्ना यांची पहिली कादंबरी १९८७ ची आणि साहित्याचे नोबेल २०२१ चे, तेही केंट विद्यापीठातून निवृत्त झाल्यानंतर. अशा माणसांच्या मधल्या वर्षांची संकलने कोणी पाहिली, तर बहुधा त्यांत दोन-चार समूहप्रदर्शने, एखादे व्याख्यान, एखादे पुस्तक एवढेच असेल. म्हणून ज्या सहकाऱ्याची यंदा एकही नोंद आली नाही, त्याच्या नावापुढे ‘निरंक’ लिहू नये. त्याला विचारावे की हाती काय चालले आहे. ‘चालू काम’ असा आणखी एक लहान रकाना ठेवला की बरेच प्रश्न मिटतात आणि वर्ष भरण्यासाठी होणारी खोगीरभरतीही आटोक्यात येते.

माग ठेवण्याचा, म्हणजे तिसरा मुद्दा. प्रयोग संपतो, प्रदर्शन उतरवले जाते. वर्षभराने कोणी विचारले तर दाखवायचे काय? लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात २०१० साली एयाल वाइझमन यांनी स्थापन केलेला ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट याबाबतीत आदर्श मानावा असा आहे. जर्मनीतील कासेल शहरात २००६ मध्ये एका इंटरनेट कॅफेत झालेल्या खुनाच्या वेळी तिथे हजर असलेल्या एका गुप्तवार्ता कर्मचाऱ्याला गोळीबार खरोखरच ऐकू आला नसेल का, हे तपासण्यासाठी या गटाने त्या ७७ चौरस मीटरच्या जागेची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून ध्वनी, गंध आणि दृष्टिरेषा यांचे प्रयोग केले. तो तपास त्याच कासेलमध्ये २०१७ च्या डॉक्युमेंटा १४ या प्रदर्शनात व्हिडिओरूपाने मांडला गेला. या गटाची कामे कलादालनांत जशी दिसतात तशी न्यायालयांत आणि चौकश्यांपुढेही सादर झाली आहेत, आणि २०१८ मध्ये टर्नर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही तो होता. हे शक्य होते, कारण कामाची प्रत्येक पायरी नोंदलेली असते: कोणती सामग्री वापरली, कोणते मोजमाप केले, निष्कर्ष कशावर टेकला. आपल्या सहकाऱ्यांकडून इतकी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. तरी प्रदर्शनाची दालननिहाय छायाचित्रे, कामांची मापे व माध्यमांसह यादी, नाटकाचे एका स्थिर कॅमेऱ्याने केलेले पूर्ण चित्रण, रचनेची स्वरलिपी आणि कार्यक्रमपत्रिका एवढे तरी जपले जावे. सुंदर छायाचित्रांपेक्षा कंटाळवाणे पण पूर्ण चित्रण समितीला अधिक उपयोगी पडते.

नोंदींना ओळखक्रमांक जोडता आले तर जोडावेत. पुस्तकाला आयएसबीएन असतोच, ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी मिळतो, आणि २०१२ पासून सुरू असलेल्या ऑर्किड या व्यवस्थेत प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक मिळतो, ज्याखाली कलात्मक सादरीकरणेही नोंदवता येतात. एकसारख्या नावांचे दोन प्राध्यापक असलेल्या विभागात याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

परीक्षकपदे, अभ्यासमंडळे, कार्यशाळा, बीजभाषणे यांवर फार वेळ घालवू नये. पाच स्पर्धांचे परीक्षकपद ही एकच नोंद आहे. ती एका वाक्यात, व्यावसायिक कामगिरीखाली द्यावी. यातून काही दिसत असेल तर एवढेच की, इतरांचा या व्यक्तीच्या पारखेवर विश्वास आहे. मात्र प्रदर्शनाचे क्युरेटर म्हणून केलेले काम या ढिगात टाकू नये. त्यामागे विषयाची मांडणी, कलावंतांची निवड आणि लेखन असेल तर ती स्वतंत्र सर्जनशील कृती आहे.

भाषेबद्दल एक नमुना देतो, कारण नियम सांगण्यापेक्षा तो लवकर उतरतो. पहिला मसुदा असा आला होता: ‘नामांकित कलासंग्रहालयात भव्य एकल प्रदर्शन यशस्वीरीत्या संपन्न; रसिकांचा उदंड प्रतिसाद; शाखेच्या शिरपेचात मानाचा तुरा.’ मी तो परत पाठवला आणि चार प्रश्न विचारले. दुसरा मसुदा असा आला: ‘एकल प्रदर्शन, १८ तैलचित्रे व २ व्हिडिओकृती, संग्रहालयाच्या निमंत्रणावरून, निवड बाहेरच्या क्युरेटरकडून, कालावधी सहा आठवडे, क्युरेटरच्या लेखासह पुस्तिका प्रकाशित, २ चित्रे संग्रहालयाच्या कायम संग्रहात.’ पहिल्या मसुद्यात एकही तपासण्याजोगी गोष्ट नाही, दुसऱ्यात सहा आहेत. गंमत अशी की, कायम संग्रहातील समावेश ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट, आणि पहिल्या मसुद्यात तिचा मागमूसही नव्हता. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक दिसेनासे होते ते असे.

आता एकच माप लावता येईल का, याचे उत्तर: गुण देऊन बेरीज करणारे माप लावू नये. एकल प्रदर्शनाला दहा, समूहप्रदर्शनाला चार, असा तक्ता केला की पुढच्या वर्षीपासून लोक कामे तोडून संख्या वाढवतात. एका मालिकेची तीन प्रदर्शने होतात. ब्रिटनमधल्या त्या मूल्यमापनात सगळ्या विद्याशाखांतील फलितांना मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा हेच तीन निकष लावले गेले, पण ते तोलण्याचे काम त्या त्या क्षेत्रातल्या माणसांकडे होते: कला व अभिकल्पासाठी (डिझाइनसाठी) एक उपसमिती, संगीत, नाट्य, नृत्य व चित्रपटासाठी दुसरी. माप एक, पारखी वेगळे. आपल्याला तोलण्याची गरजच पडली, तर नाटकाची नोंद विद्यापीठाबाहेरच्या, नाटकाच्या क्षेत्रातल्या माणसाला दाखवावी आणि त्याचे चार ओळींचे लेखी मत फाइलला लावावे. हे संकलकाचे काम नाही, आणि ते त्याने अंगावर घेऊही नये. क्रमाबाबत मी आडनावांचा वर्णक्रम पाळत असे. ज्येष्ठतेचा क्रम लावला की पहिले पान आयुष्यभर त्याच तिघांचे राहते.

पदवीचा मुद्दाही कोणीतरी काढील, की डॉक्टरेट नसलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनाला डॉक्टरेट असलेल्याच्या निबंधाइतके स्थान कसे द्यायचे. अमेरिकेतील कॉलेज आर्ट असोसिएशनने १९७७ मध्येच प्रत्यक्ष कलानिर्मितीच्या क्षेत्रात एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही अंतिम पदवी असल्याची भूमिका घेतली. दुसरीकडे युरोपात कलेतील डॉक्टरेटचा पुरस्कार होतो. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे बरेच आहे, परंतु संकलनात काम नोंदले जाते, पदवी नव्हे, आणि हा वाद तिथे शिरू देऊ नये.

राहिले ते रद्द झालेले प्रदर्शन. नोंद पाठवणाऱ्या सहकाऱ्याने ते ‘संपन्न’ या शीर्षकाखाली दिले आहे, तिथून ते काढावेच लागेल. पण निमंत्रणपत्र आले होते, कामांची निवड झाली होती, पुस्तिका छापून तयार होती आणि दालनाच्या अडचणीमुळे उद्घाटनाच्या आठवडाभर आधी ते थांबले, असे आपण लिहिता. तेव्हा निवड झाली हे खरे, काम पूर्ण झाले हेही खरे. लोकांपुढे आले नाही, एवढेच बाकी. ते ‘चालू काम’ या रकान्यात निमंत्रणाची तारीख आणि पुस्तिकेचा तपशील देऊन घ्यावे, रद्द होण्याचे कारण एका तटस्थ वाक्यात लिहावे, आणि पुस्तिकेची एक प्रत आजच मागून ठेवावी. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या दालनात लागले, तर नोंदीत आधीच्या निवडीचा उल्लेख करता येईल, आणि तेव्हा ती प्रत शोधायला कोणी बसणार नाही.